नदीकाठी थांबलेला घोडा

आमची बेबीनंदा भिंत सोडून चालायला लागली ते साल पंचाहत्तर. लालमियाँ शिंप्याने तिला हिरव्या मखमलीचं टोपरं शिवून दिलं होतं. त्यातून उरलेल्या मखमलीची त्याने एक बारीक फीत शिवली आणि ती आमच्या विहारातल्या ग्रंथाला खुणेसाठी दिली. लेकीचं टोपरं आणि ग्रंथातली ती फीत मला म्हणून एकदमच आठवतात.

केदारखेड्याच्या आमच्या वस्तीतलं विहार तेव्हा चार खांबांवर पत्रे टाकलेलं होतं. आत बुद्धाची मूर्ती, खाली सतरंजी. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. त्या काळात रोज संध्याकाळी, शेतातून येऊन हातपाय धुतले की सगळ्यांनी तिथं बसायचं आणि धम्माचा ग्रंथ ऐकायचा. ऐकणारे पुष्कळ, वाचणारा मात्र एकच होता. माझा धाकटा दीर मच्छिंद्र.

मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा मच्छिंद्र चड्डीच्या नाडीला गाठ मारून घ्यायला माझ्याकडं यायचा. तोच पुढं मॅट्रिक झाला, जालन्याला एका जिनिंगमध्ये काट्यावर लागला, पिंपळगाव रेणुकाईच्या पुंजारामची पुष्पा त्याला बायको म्हणून मिळाली. मग काय झालं कोणास ठाऊक. काट्यावर कापूस चढला की कोणीतरी नाव घेऊन शिव्या देतं असं त्याला ऐकू यायला लागलं. जवळ तर कोणी नसायचं. नोकरी सोडून घरी आला, तर आवाजही मागं आले. एके दिवशी भांड्यांना विष लावलंय म्हणून त्याने घरातली झाडून सगळी भांडी रस्त्यावर फेकली. पुष्पा घाबरली. तिचा बाप येऊन तिला घेऊन गेला.

आम्ही काही काळ इकडंतिकडं हिंडलो. शेवटी लालमियाँनेच वाट दाखवली. तो कापड आणायला जुन्या जालन्यात जायचा. तिथं एका दुकानाच्या माडीवर औरंगाबादचे एक डॉक्टर महिन्यातून एकदा बसत, मनाच्या आजाराचे. त्यांच्या गोळ्यांनी मच्छिंद्रचे आवाज हळूहळू विझले. हात थोडे थरथरायचे, तोंडातून लाळ यायची, पण माणूस परत आला. जेवायला लागला, हसायला लागला, बेबीनंदाला खांद्यावर घेऊन नदीपर्यंत जायला लागला.

आमच्या मालकांनी, म्हणजे वसंताने (आता ह्या वयात नाव घ्यायला काय हरकत आहे), पुंजारामला निरोप धाडला. तो आला, मच्छिंद्रला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाला, "आत्ता तर बराच दिसून राह्यला. पण माझ्या पोरीनं लई भोगलंय. वर्षावास पार पडू द्या. आश्विन पौर्णिमेला मी स्वतः पुष्पीला घेऊन येतो. जावईबापूनं सगळा ग्रंथ वाचून पुरा केला, तर पोरगी हितंच ठेवून जाईन. न्हाई तर माझ्या मागं परत."

"मंजूर," मच्छिंद्र म्हणाला. लगेच म्हणाला.

त्या वर्षी वाचनाला सुरुवात झाली आणि सगळी वस्ती खूश झाली. पूर्वी मच्छिंद्र भराभरा वाचायचा. आता एकेक ओळ सावकाश वाचायचा, आणि तीच पुन्हा वाचायचा. पुन्हा वाचताना जास्त जोरात, जास्त स्पष्ट. आम्हाला वाटलं, आजारातून उठून पोरगा किती समजदार झाला! अडाणी माणसाच्या डोक्यात नीट बसावं म्हणून दोनदोनदा सांगतो.

आमच्या लोकांना गाण्याचा नाद. जयंतीला गायनपार्ट्या यायच्या, आणि गाणं आवडलं की आम्ही 'वन्समोर' ओरडायचो. तीच सवय इथं लागली. मच्छिंद्रने ओळ दुसऱ्यांदा वाचली की कोणीतरी म्हणायचं, "वा! आणखी एकदा होऊ दे!" मग तो तिसऱ्यांदा वाचायचा. झुंबरबाई नावाची एक म्हातारी होती आमच्यात, दात एकही नाही पण तोंड सगळ्यात मोठं. ती तर मांडीवर थाप मारून म्हणायची, "वन्समोर!"

असं करत श्रावण निम्मा सरला. ग्रंथात राजपुत्र घर सोडून निघतो, त्याचा घोडा कंथक त्याला घेऊन जातो, आणि नदीच्या काठी येऊन थांबतो. एवढी ती ओळ. त्या ओळीवर मच्छिंद्रही थांबला. त्या दिवशी घोडा थांबला, दुसऱ्या दिवशीही थांबला. वाचून वाचून मच्छिंद्रच्या कपाळावर घाम यायचा, बोट थरथरत ओळीच्या सुरुवातीला परत यायचं. आणि आम्ही? आम्ही हात जोडून ऐकत होतो. मी पुढंच बसायची, बेबीनंदा मांडीवर. त्याचं बोट एकाच जागी इतक्या वेळा आलं की त्या शब्दाचं पहिलं अक्षर मला ओळखू यायला लागलं. घोड्याच्या नावातला क. माझ्या, कांताच्या, नावातलाही तोच.

शेवटी झुंबरबाईच कंटाळली. "अरे मच्छिंदर, त्या घोड्याला पाणी तरी पाज अन् पल्याड ने की रे! उभ्याउभ्या त्याचे पाय मोडले आसतील बिचाऱ्याचे!"

सगळे हसले. मच्छिंद्र हसला नाही. त्याने ग्रंथ मिटला आणि उठून गेला.

लालमियाँचं मशीन विहारासमोरच्याच ओट्यावर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बेबीनंदाचं फाटलेलं झबलं घेऊन गेले, तर तो मशीन थांबवून म्हणाला, "कांताभाभी, गुस्सा न्हाई करायचा तर एक बात बोलू?"

"बोला की भाई."

"मी शिवलेली फीत हाये ना, ती मी रोज हितून बघून राह्यलो. आषाढात रोज पुढं सरकायची. आता सरकतच न्हाई. तुम्ही लोक वाहवा करून राह्यले, अन् पोरगा तिथं पसीना पसीना. गाण्यात वन्समोर म्हटलं की गाणाऱ्याचं तोंड फुलतं. ह्याचं तोंड बघा जरा."

मी घरी आले. मच्छिंद्र आडावर पाणी शेंदत होता. भरलेली बादली वर आणायचा, बघायचा, परत आडात सोडायचा. मी दोर धरला.

"काय करून राह्यला रे?"

"वैनी, बादलीला काही चिकटलंय का ते बघतो."

"अन् ग्रंथातला घोडा? त्यालाबी काही चिकटलंय का?"

तो आडाच्या काठावर बसला. मग बोलायला लागला ते अडकत अडकत. "वैनी, तुमच्यातल्या कोणालाच वाचता येत न्हाई. मी जे बोलतो तेच तुम्ही खरं धरता. माझं एक अक्षर चुकलं तर सगळ्या वस्तीला मी खोटं सांगितल्यासारखं व्हईल. ओळ वाचली की वाटतं, चुकली. परत वाचली की वाटतं, आता नक्की चुकली. मला कळतं की चुकली न्हाई. तरी जीव ऱ्हात न्हाई. अन् तुम्ही लोक म्हणता आणखी एकदा."

"मंग तुझे ते आवाज परत आले का?"

"न्हाई ना! आवाज बिलकुल न्हाई. म्हणूनच मी ठरवलं. आवाज गेले अन् हे आलं. म्हंजी हे गोळ्यांनीच आणलं. उद्यापासून गोळ्या बंद करून टाकतो. जल्दी बरा व्हईन अन् ग्रंथ पुरा करीन. न्हाई तर पुष्पी गेली."

रस्त्यावर पडलेली भांडी मला परत दिसायला लागली. पण आरडाओरडा केला असता तर त्याने त्याच दिवशी गोळ्या आडात टाकल्या असत्या. मी म्हटलं, "बंद करायच्या तर डॉक्टरला तोंडावर सांगून बंद कर. लपूनछपून कशाला? तू काय चोर हायेस?"

हे त्याला पटलं. डॉक्टरांचा दिवस जवळच आला होता. तोवर तो गोळ्या खात राहिला, तोंड वाकडं करून.

जालन्याच्या मोटारीत आम्ही तिघं होतो. मालक, मच्छिंद्र आणि मी, आणि माझ्या कडेवर बेबीनंदा. माडीवर डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. जाड चष्मा, अंगात साधा सदरा, बोलणं घरच्यासारखं. त्यांनी मच्छिंद्रला एकच विचारलं, "परत वाच असं कोण म्हणतं? ते जुने आवाज?"

"न्हाई साहेब. ते बाहेरून यायचे. हे मीच म्हणतो. माझं मलाच."

"आणि ते म्हणणं खरं वाटतं?"

"येडेपणा हाये हे कळतं. पण थांबता येत न्हाई."

डॉक्टरांनी मान हलवली आणि आमच्या मालकांकडं वळले. "काय पेरलंय यंदा?"

मालक दचकले. "कपाशी हाये साहेब. थोडी ज्वारी."

"कपाशीवर मावा पडला, फवारणी केली, मावा गेला. मग बोंडात अळी दिसली. तर ती अळी फवारणीनं आणली का?"

"छे! अळी वेगळी, मावा वेगळा. दोन्ही एकाच झाडावर येऊ शकतात की."

"आणि अळी दिसली म्हणून माव्याची फवारणी सोडून द्याल?"

"मंग तर दोन्ही मिळून झाड खातील!" मालक एवढ्या जोरात बोलले की बेबीनंदा रडायला लागली.

"तेच ह्याचं आहे," डॉक्टर म्हणाले. "आवाजांचा आजार ज्याला असतो, त्याला दुसरं दुखणं होत नाही असं थोडंच आहे? कोणाला उदासी येते, कोणाला भलती धास्ती बसते, कोणी दारूला लागतो. ह्याला हे पुन्हापुन्हाचं लागलंय. कधी गोळ्यांनीही असं काही होतं, मी ते तपासत राहीन. पण मच्छिंद्र, तुमचं तसं दिसत नाही. जालन्याच्या काट्यावर असताना वजन किती वेळा करायचात?"

मच्छिंद्रने मान खाली घातली. "मुकादम ओरडायचा साहेब. एक गासडी परत परत चढवायचो. आवाज यायच्या आधीपासून."

"झालं तर मग. हे आधीपासून होतं. आवाजांच्या गोंगाटात कोणाला दिसलं नाही. जुन्या गोळ्या चालू ठेवायच्या, बिलकुल सोडायच्या नाहीत. एक नवीन देतो. आणि एक काम देतो, ते गोळीपेक्षा कडू आहे. ओळ एकदाच वाचायची. चुकली वाटली तरी पुढं. जीव कासावीस होईल, होऊ द्यायचा. तो आपोआप शांत होतो. आधी मुद्दाम चुका करा आणि त्या तशाच सोडा."

"ग्रंथात चुका करू?" मच्छिंद्र उभाच राहिला.

"ग्रंथात नको. वर्तमानपत्रात करा. त्यात आधीच पुष्कळ असतात."

मग मी धीर करून बोलले. "साहेब, ह्याला वाटतं एकट्यावर भार हाये. मी अक्षरं शिकले तर? दोघं झालो म्हंजी ह्याचा भार कमी."

डॉक्टर हसले. "शिका, जरूर शिका. पण तो विचारेल, बरोबर वाचलं का, तेव्हा बरोबरही म्हणायचं नाही आणि चूकही नाही."

"मला येतंच कुठं, तर सांगू?"

"म्हणून तर तुम्हीच चांगल्या," डॉक्टर म्हणाले.

घरी आलो आणि आमची शाळा सुरू झाली. किराणा बांधून आलेले वर्तमानपत्राचे कागद मी सरळ करून ठेवायची. रोज दुपारी मच्छिंद्र ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचा आणि एखादा शब्द मुद्दाम चुकवायचा. पहिल्या दिवशी एक शब्द चुकवला आणि त्याचा चेहरा असा झाला की जणू कोणाचा गळा दाबला. बोट मागं यायला लागलं की मी माझा हात मध्ये घालायची. चुन्याचा, शेणाचा, जसा असेल तसा.

"वैनी, बराबर वाचलं का?"

"मला काय म्हाईत? पुढं."

"वैनी, एकदाच बघतो."

"पुढं म्हटलं ना!"

एका दुपारी त्याने वाचलं की कापसाचा भाव चढला. मालक गोठ्यात होते, ते हातातली पेंडी टाकून धावत आले. "कुठं? कुठल्या बाजारात?"

मच्छिंद्रच्या ओठांवर हसू फुटायला आलं. "मी सांगू शकत न्हाई दादा. चूक दुरुस्त करायची न्हाई, डॉक्टरचा हुकूम हाये."

"म्हंजी उतरला?"

"मला काय म्हाईत? पुढं," मी म्हटलं. मालक तसेच डोकं खाजवत परत गोठ्यात गेले. मच्छिंद्र हसत सुटला. आजारपणापासून त्याचं असं पोट धरून हसणं मी ऐकलं नव्हतं.

वस्तीला समजावणं त्याहून अवघड होतं. मी विहारात उभी राहून सांगितलं, की आपण पोराला मान द्यायला वन्समोर म्हणत होतो, पण ते त्याच्या दुखण्याला खतपाणी होतं. आता त्याने ओळ वाचली की आपण सगळ्यांनी एकच शब्द बोलायचा, पुढं.

"पण मला खरंच ऐकायला आलं नसलं तर?" झुंबरबाई म्हणाली.

"तरी पुढं."

"अन् घोडा बुडाला तर?"

"बुडू दे! पुढं!"

त्या संध्याकाळी मच्छिंद्रने ग्रंथ उघडला. हिरवी फीत बाजूला केली. नदीकाठची ओळ वाचली. बोट थांबलं, थरथरलं, मागं यायला लागलं. सगळी वस्ती एका आवाजात ओरडली, "पुढं!" समोरच्या ओट्यावरून लालमियाँही ओरडला, "आगे चलो!" मच्छिंद्रने डोळे मिटले, श्वास घेतला आणि पुढची ओळ वाचली. घोडा मागं राहिला आणि राजपुत्र नदीपार झाला. झुंबरबाईने तर टाळ्याच वाजवल्या.

हे सगळं इतकं सरळ झालं नाही. भादव्यात काही दिवस त्याला काहीच नको वाटायचं. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. डॉक्टर म्हणाले होते की असं होईल, तेव्हा माणसाला एकटं सोडायचं नाही. आम्ही बेबीनंदाला त्याच्या पाठीवर सोडून द्यायचो. ती त्याचे केस धरून उभी राहायची. किती वेळ पडणार मग? वाचन कधी चुकलं तर लालमियाँ फिरकी घ्यायचा, "काय मच्छिंदरभाई, आज राजपुत्राला सुट्टी?" फीत सरकत राहिली, कधी जास्त, कधी बोटभर.

आश्विन पौर्णिमा आली. विहाराला झेंडूच्या माळा, खीर शिजलेली, सगळ्यांची पांढरी धुवट कापडं. पुंजाराम ठरल्याप्रमाणं आला. पुष्पा पांढरं लुगडं नेसून बायकांत माझ्याशेजारी बसली. बसल्याबसल्या तिने माझा हात असा धरला की बांगड्या रुतल्या. पुंजारामला पाहुणा म्हणून अगदी पुढं बसवलं होतं. आणि गडबडीत आमच्यापैकी कोणीच त्याला ते वन्समोरचं सांगितलं नव्हतं.

ग्रंथाची शेवटची पानं राहिली होती. मच्छिंद्र वाचायला लागला. आवाज थोडा कापत होता, पण चाललं होतं; कुठं बोट थांबलंच तर आम्ही बायका हळूच 'पुढं' म्हणायचो. शेवटच्या पानावर एका ओळीत तो अडखळला. बोट थांबलं. आम्ही सगळ्यांनी 'पुढं' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात पुंजारामने मांडीवर थाप मारली.

"वा जावईबापू! काय वाचलं! आणखी एकदा होऊ द्या!"

पुष्पाची बोटं माझ्या मनगटावर घट्ट झाली. आता आम्ही 'पुढं' म्हणावं तर पाहुण्याचा अपमान होणार, आणि गप्प बसावं तर सगळं गेलं. मच्छिंद्रने सासऱ्याकडं बघितलं. मग ओळीकडं. बोट एकदा मागं आलं, ओळीच्या सुरुवातीपर्यंत आलं. मी डोळे मिटून घेतले.

"मामा," मच्छिंद्रचा आवाज आला, "चुकलं आसंल तर आसू द्या. पुढच्या वर्षी परत वाचायचाच हाये."

आणि त्याने पुढची ओळ वाचली, मग त्याच्या पुढची, आणि ग्रंथ संपला. साधू साधू साधू असा गजर झाला. पुंजाराम गोंधळून इकडंतिकडं बघत होता. झुंबरबाई त्याच्या कानाशी वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाव्हणं, आमच्या गावात वन्समोर बंद हाये!"

खीर झाली. संध्याकाळच्या मोटारीला पुंजाराम एकटाच निघाला. जाताना मच्छिंद्रला म्हणाला, "जावईबापू, तुमच्या हाताला अजून थरथर हाये."

"हाये मामा. पण चालतंय."

"चालतंय तर चालू द्या," पुंजाराम म्हणाला, आणि पुष्पाची पेटी आमच्या ओट्यावर ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी मी घरात गेले तर पुष्पा भांडी घासून फडताळात लावत होती. मच्छिंद्र दारातून बघत होता. एक पातेलं त्याने उचलून न्याहाळलं, परत ठेवलं आणि पुन्हा हात पुढं केला.

"पुढं," पुष्पा त्याच्याकडं न बघताच म्हणाली. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. एका दिवसात शिकली.

पुढच्या वर्षावासात मच्छिंद्रच्या शेजारी बसून मी स्वतः एक पान वाचलं. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडून. बऱ्याच चुका केल्या असतील. वस्ती ओरडली, "पुढं!"

दोन्ही दुखणी त्याला जन्मभर राहिली. कधी एक डोकं वर काढायचं, कधी दुसरं. गोळ्या त्याने कधी सोडल्या नाहीत. त्याला दोन पोरं झाली, दोघांना त्यानेच वाचायला शिकवलं. झुंबरबाई एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात गेली. लालमियाँ एकोणनव्वदला गेला. मच्छिंद्र दोन हजार आठ साली, वर्षावास संपल्यावर, कार्तिकात, झोपेत वारला.